इंग्रजीची परीक्षा : समजुतीची की पाठांतराची?

इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्यास आम्ही इंग्रजी पाठ्यपुस्तकातील एक परिच्छेद वाचून दाखविण्यास सांगितले. मुलाचा आवाज खणखणीत, उच्चार बरे, कोठे अडखळणे नाही. वाचन संपल्यावर आम्ही म्हटले, “छान. आता यात काय सांगितले आहे ते आपल्या मराठीत सांग पाहू.” मुलगा गप्प राहिला. आम्ही धीर दिला, तेव्हा तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “सर, प्रश्न कितवा ते सांगा, म्हणजे उत्तर सांगतो.” आणि खरोखरच, प्रश्नाचा क्रमांक सांगताच त्याने चार ओळींचे निर्दोष इंग्रजी उत्तर म्हणून दाखविले.

या मुलास आम्ही दोष देत नाही. तो आळशी नाही व मंदबुद्धीचाही नाही. चार ओळी परक्या भाषेत, अर्थ न कळता, ध्यानात ठेवणे हे मंद बुद्धीचे काम नव्हे. परीक्षा जे मागते ते त्याने निमूटपणे दिले, एवढेच. विद्यार्थी शिकतो ते बहुधा परीक्षेस अनुसरून. म्हणून इंग्रजीचे शिक्षण सुधारावे असे ज्यांस वाटते त्यांनी प्रथम परीक्षेकडे, आणि त्यातही वाचून समजणे व ऐकून समजणे या दोन गोष्टींच्या परीक्षेकडे पाहावे, असे आमचे नम्र मत आहे.

ही केवळ एका मुलाची गोष्ट असती तर या अंकातील जागा आम्ही अडविली नसती. प्रथम या संस्थेच्या प्रेरणेने २००५ पासून देशभर जी ‘असर’ नावाची पाहणी होत आली आहे, तीत २०२३ साली १४ ते १८ वर्षे वयाच्या ग्रामीण मुलामुलींचा विचार केला होता. त्यासाठी २६ राज्यांतील २८ जिल्हे निवडले होते, आणि महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा आपला नांदेड हा होता. या पाहणीची रीत साधी आहे. पाहणी करणारे शाळेत न जाता घरी जातात, एकेका मुलापुढे सोपी इंग्रजी वाक्ये ठेवतात, वाचावयास सांगतात, आणि ज्यास वाचता येते त्यास अर्थही विचारतात. सर्व जिल्हे मिळून निष्कर्ष असा निघाला की, शंभरातील सुमारे ५७ मुलांस ती वाक्ये वाचता आली. आणि ज्यांस वाचता आली त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांसच त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे वाचून अर्थ जाणणारी मुले शंभरात बेचाळीसच्या आसपास. हे आकडे एकट्या नांदेडचे नव्हेत. तथापि आमच्या वर्गांतील अनुभव त्यांहून फार निराळा नाही. महाराष्ट्रात इंग्रजी हा विषय २००० सालापासून पहिलीपासूनच शिकविला जातो, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. इतक्या वर्षांच्या अध्ययनानंतर सोप्या वाक्याचा अर्थ न कळणे ही चिंतेची बाब आहे.

या पाहणीत एक गोष्ट आमच्या मनात भरली, ती ही की तीत ‘वाचता येणे’ आणि ‘समजणे’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. आमच्या शाळांतून ते एकत्र मिसळून जातात. मूल मोठ्याने वाचू लागले की आम्ही शिक्षक समाधान पावतो, घरची मंडळीही कौतुक करतात, आणि अर्थाचा प्रश्न तसाच राहून जातो.

आता आपल्या शालान्त परीक्षेचे स्वरूप पाहू. लातूर विभागीय मंडळाकडे लातूर, नांदेड व धाराशिव हे जिल्हे येतात. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी तृतीय भाषा इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची, आणि तोंडी परीक्षा शाळेतच घेतली जाणारी, २० गुणांची. लेखी परीक्षेत पाठ्यपुस्तकातील गद्य उताऱ्यांस २० गुण व कवितांस १० गुण असतात. पूर्वी न पाहिलेल्या उताऱ्यास, सारांशलेखन धरून, १५ गुण. पाठ्यपुस्तकातील उतारा वर्षभर वर्गात व शिकवणीत घोटलेला असतो. त्यावरील उत्तर बरोबर आले तर ते समजुतीने आले की स्मरणाने, हे तपासणाऱ्यास कळावयास मार्ग नाही. वाचनशक्तीची खरी कसोटी त्या न पाहिलेल्या उताऱ्यापाशीच लागते, आणि पुष्कळ मुलांस “तो सोडलास तरी चालेल, बाकीचे पक्के कर” असा सल्ला मिळतो. हा सल्ला गुणांपुरता हिताचा असेल; मुलाच्या हिताचा नाही.

श्रवणाची स्थिती याहून शोचनीय आहे. श्रवण व संभाषण यांची परीक्षा त्या तोंडी २० गुणांत व्हावी अशी अपेक्षा. परंतु पुष्कळ ठिकाणी ही परीक्षा म्हणजे एका दुपारी उरकावयाचा उपचार होऊन बसली आहे. नाव विचारावे, गाव विचारावे, एखादी पाठ केलेली कविता म्हणवून घ्यावी, आणि उदार हाताने गुण मांडावे. या औदार्याची कथा आपण सर्वांनी पाहिली आहे. २०१९ च्या शालान्त परीक्षेत हे तोंडी गुण काढून टाकले होते. आदल्या वर्षीचा ८९.४१ टक्क्यांचा राज्याचा निकाल त्या वर्षी ७७.१० टक्क्यांवर आला. मोठी ओरड झाली, आणि पुढच्याच शैक्षणिक वर्षापासून ते गुण परत देण्यात आले. त्या वर्षी अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिकेचे रूपही नवे होते, म्हणून सगळी घसरण या एकाच कारणाने झाली असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या वादात दोनच बाजू ऐकू आल्या : गुण काढा, किंवा गुण द्या. तिसरी बाजू, ‘गुण ठेवा, पण परीक्षा खरी घ्या’, ही फारशी कोणी मांडली नाही. आम्ही ती येथे मांडीत आहो.

इतर देशांत काय चालते याकडे दृष्टी टाकावी. चीनमध्ये माध्यमिक शिक्षणाच्या अखेरीस ‘गावकाव’ नावाची विद्यापीठप्रवेशाची परीक्षा असते. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत ती बंद पडली होती, ती १९७७ साली पुन्हा सुरू झाली. तेथील इंग्रजीच्या १५० गुणांपैकी सर्वसाधारणपणे ३० गुण श्रवणास असतात. मुद्रित केलेले संवाद ऐकवितात. आरंभीचे लहान संवाद एकदाच, पुढचे लांब संवाद दोनदा. आणि मुलांनी वीस प्रश्नांची उत्तरे निवडावयाची. दक्षिण कोरियात तर प्रवेशपरीक्षेच्या दिवशी इंग्रजी श्रवणाचा भाग चालू असताना विमानांचे उड्डाण व उतरणे थांबवितात. या देशांच्या परीक्षांचा ताण आमच्या मुलांवर यावा अशी आमची मुळीच इच्छा नाही. त्या ताणाविषयी त्या देशांतील विचारी लोकही तक्रार करतात. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ऐकणे ही गंभीरपणे तपासावयाची गोष्ट आहे असे तेथे मानले जाते; म्हणून ती वर्गात शिकविलीही जाते.

कोणी म्हणेल, आपल्या खेड्यापाड्यांतील मुलांस हे जमावयाचे कसे? या शंकेचे उत्तर आपल्या मातीतच आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, व कचेरीची भाषा उर्दू होती. घरी मराठी बोलणारी आपली वडीलमाणसे उर्दूत अर्ज लिहीत, दस्तऐवज वाचीत व कोर्टात जबानी देत. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. तिकडे कानडी आजही कानांवर पडते. देगलूर, बिलोली, धर्माबादकडील बाजारात तेलुगू बोलल्यावाचून सौदा होत नाही. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, शाळेत मराठी शिकते, आणि मित्रांशी हिंदीत भांडते. या मुलांनी त्या भाषा व्याकरणाच्या पुस्तकातून घेतल्या नाहीत, कानांनी घेतल्या. आमच्या मुलांच्या कानांत उणेपणा नाही. आम्ही इंग्रजीच्या तासाला त्या कानांना काम देत नाही, हा उणेपणा आमचा.

मग खरी परीक्षा कशी असावी? पहिली गोष्ट, उतारा नवा असावा. वाचनाचाही आणि श्रवणाचाही. दुसरी गोष्ट, श्रवणाचा उतारा सर्व मुलांस एकाच आवाजात, एकाच वेगाने, शांत खोलीत ऐकवावा. मुद्रित आवाज मिळाला तर उत्तम, न मिळाला तर एका शिक्षकाने सर्व तुकड्यांत तोच वाचावा. तिसरी गोष्ट, प्रश्न आधी दाखवावे व उतारा दोनदा ऐकवावा; नाहीतर आपण ऐकण्याची नव्हे, स्मरणाची परीक्षा घेऊ. चौथी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते : समजले की नाही हे पाहावयाचे असेल तर उत्तर मराठीत देण्याची, किंवा चित्रावर खूण करण्याची मुभा असावी. ऐकलेले समजले, पण इंग्रजीत लिहिता आले नाही, म्हणून जेव्हा मुलाचे गुण जातात तेव्हा आपण ऐकण्याच्या नावाखाली लिहिणे तपासीत असतो. तराजूत धान्य घातले आणि वजन पोत्याचे सांगितले, असा तो प्रकार होतो.

विषयही मुलांच्या जीवनातले असावेत. रेल्वे स्थानकावरील सूचना, दवाखान्यात औषध कसे घ्यावे याची माहिती, पावसाचा अंदाज, हुजूरसाहिब नांदेड स्थानकावर उतरलेल्या परप्रांतीय यात्रेकरूने विचारलेली सचखंड गुरुद्वाराची वाट : अशी सोपी संभाषणे शिक्षकास स्वतः रचता येतील. यास मोठे यंत्र लागत नाही. एका साध्या मोबाइलवर आवाज मुद्रित करून तो वर्गात ऐकविता येतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, साठ-सत्तर मुलांच्या वर्गात वेळ कोठून आणावा? बोलण्याची परीक्षा एकेकाची घ्यावी लागते, हे खरे. पण ऐकण्याची परीक्षा सबंध वर्गाची एकाच वेळी होते, व तीस एक तासिका पुरे. दुसरा आक्षेप, निकाल खाली येईल. येईल, पहिल्या वर्षी खचित येईल. पण ताप मोजणारी नळी फोडल्याने ताप उतरत नाही. आणि हे गुण काही शालान्त परीक्षेतच मोजावे असा आमचा आग्रह नाही. आठवी-नववीत महिन्यातून एकदा, गुणांवाचून, केवळ कोठे अडते ते कळावे म्हणून अशी परीक्षा घेतली तरी पुष्कळ साधेल.

यात मुलांचे काय पणास लागले आहे ते पालकांनी नीट ध्यानात घ्यावे. लातूर आणि नांदेड ही नगरे आज शिकवण्यांची नगरे म्हणून ओळखली जातात. ‘लातूर पॅटर्न’ हे शब्द राज्यभर झाले. दहावीनंतर हजारो मुले विज्ञानशाखेत येतात आणि पहिल्याच आठवड्यात पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र हे सर्व इंग्रजीतून त्यांच्यापुढे येते. इंग्रजीत नव्वद गुण मिळविलेली, खेड्यातून खोली करून राहिलेली मुलगी व्याख्यान ऐकते, आणि तिला ते कळत नाही. आपण हुशार नाही असे तिला वाटू लागते. घरी सांगावे तर वडिलांनी शुल्कासाठी कर्ज काढलेले. ती गप्प बसते. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते, हे चांगलेच झाले. पण पुढील महाविद्यालयातील व्याख्याने व ग्रंथ बहुतेक इंग्रजीतच आहेत. त्या मुलीची फसवणूक कोणी जाणूनबुजून केली नाही. पण ज्या नव्वद गुणांनी तिला ‘तुला इंग्रजी येते’ असे सांगितले, त्या गुणांनी तिला खरे सांगितले नाही.

पालकहो, आपणांस इंग्रजी येत नसेल तरी ही परीक्षा आपण घरी घेऊ शकता. रात्रीचे जेवण झाल्यावर मुलास अर्धे पान वाचावयास सांगावे, मग पुस्तक मिटवावे आणि म्हणावे, “बाळ, काय वाचलेस ते मला सांग.” तो सांगू लागला तर ऐका, अडखळला तर रागावू नका, उद्या पुन्हा विचारा. आपण अशिक्षित असाल तर आपल्याएवढा चांगला परीक्षक दुसरा नाही, कारण आपल्यापुढे पाठांतर चालत नाही. तेथे अर्थच सांगावा लागतो.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एकच सांगणे. “सर, मला समजले नाही” हे वाक्य उच्चारण्यास लाजू नका. वर्गात उत्तर पाठ म्हणणाऱ्यास टाळ्या मिळतात, पण आमच्या मते त्या दिवशी वर्गात सर्वांत अधिक शिकतो तो हे वाक्य बोलणारा. वर ज्या मुलाची गोष्ट सांगितली, त्याने पुढे दररोज एक परिच्छेद वाचून आम्हांस मराठीत अर्थ सांगण्याचा परिपाठ ठेवला. पहिले पंधरा दिवस फार कष्टाचे गेले. एके दिवशी मात्र त्याने एका नव्या गोष्टीतील विनोद वाचला आणि, आम्ही काही विचारण्यापूर्वीच, तो आपणहून हसला. त्या हसण्यास कोणत्याही गुणपत्रिकेत रकाना नाही. पण त्या मुलास इंग्रजी येऊ लागले, हे आम्हांस त्या दिवशी कळले.