"चालते ना!"

या दोन शब्दांवर माझा राग आहे. आज तो इथे काढतोच. नातेवाईक मंडळींनी सांभाळून घ्यावं.

तर झालं असं. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला पूर आला, तेव्हा भंडाऱ्याच्या आमच्या घरातही पाणी शिरलं. गाळ उपसला, भिंती धुतल्या, पण मधल्या खोलीचा जुना कोबा जागोजागी उखडला. दिवाळीआधी आईने त्यावर व्हिनाइलची शीट टाकून घेतली. आमच्याकडे तिला सगळे 'लिनोलियम'च म्हणतात. खरं लिनोलियम वेगळं. ते १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने जवसाच्या तेलापासून काढलं. जवस विदर्भात पिकतं, तेवढंच काय ते आपलं नातं! ही शीट म्हणजे निव्वळ प्लास्टिक.

दुकानातून माणूस आला. टेपने लांबी एकदा मोजली, रुंदी एकदा मोजली, तेवढाच तुकडा कापला आणि अर्ध्या तासात अंथरून मोकळा झाला. दारापाशी शीट बोटभर कमी पडली. आईने दाखवलं तर म्हणाला, "चालते ना काकू!" आईने मला पुण्याला फोन केला. मी काय म्हणालो? "चालतं गं आई, वर पायपुसणं टाक."

एप्रिलमध्ये कूलर लागला. त्याचं पाणी त्याच फटीतून शीटखाली गेलं. कड वाळून वर वळली. मे महिन्यात आईचा पाय त्यात अडकला आणि मनगटाचं हाड मोडलं.

भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "शीट हलकी असेल." अहो, शीटचा काय दोष? खोली काटकोनात असते हा आपला भ्रम आहे. जुन्या घरात तर एका भिंतीशी मोजलेली लांबी समोरच्या भिंतीशी इंचभर बदलते. म्हणून शीट टेपच्या आकड्यावर कापायची नसते, खोलीवर कापायची असते. आधी एक दिवस ती खोलीत उलगडून ठेवायची, म्हणजे गुंडाळीचा वळ जातो. चारही बाजूंनी दोन-तीन इंच जास्त ठेवायची. आत येणाऱ्या कोपऱ्यात जादा भागाला व्ही काप, बाहेर आलेल्या खांबाला वरून खाली उभी चीर. मग भिंतीच्या कडेला दाबून, नव्या पात्याने, हळूहळू. दाराच्या चौकटीसाठी आधी कागद कापून बघायचा. दोन शीट जोडायच्या असतील तर एकमेकींवर चढवून दोन्ही एकदमच कापायच्या. आणि भिंतीशी दोन सूत फट सोडायची. ती फट पट्टीखाली झाकली जाते. दारातली बोटभर फट कशानेच झाकली जात नाही.

सगळ्यात आधी जमीन कोरडी हवी. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक-दोन दिवस ठेवायचा. खाली दव दिसलं की थांबायचं. व्हिनाइलमधून ओल बाहेर पडत नाही, खालीच कुजते. पुरानंतर दोन महिन्यांत आम्ही शीट टाकली, ही घाई आमची.

कुणी म्हणेल, कारागिराला कशाला बोलता? बरोबर आहे. फुटाच्या भावात घासाघीस आपण करतो, मजुरी 'त्यातच धरा' म्हणतो आणि मग त्याने दोन दिवस खोलीत घालवावेत अशी अपेक्षा करतो. त्याचं "चालते" आपणच स्वस्तात विकत घेतलेलं असतं. पण त्यालाही माझं सांगणं आहे: हे पितळेच्या भांड्यांचं गाव आहे. पत्रा कमी कापला गेला तर "चालते" म्हणून गुंड पाणी धरत नाही. तो गळतो. जमिनीलाही तोच न्याय लावा.

पुढच्या हिवाळ्यात भाचा आणि मी शीट नव्याने बसवली. दोन दिवस लागले, एक पातं बोटात गेलं. काम संपल्यावर आई दारात वाकली आणि बऱ्या झालेल्या हाताने कड चाचपत राहिली. मी विचारलं, "चालेल?"

"आधी चालून बघू दे," म्हणाली.