बिगुल वाजत नाही तेव्हा

माझा नातू आठवीत आहे. तुमच्यासारखाच कॅडेट. दिवाळीच्या सुट्टीत तो बसवनगुडीला आमच्या घरी आला. पहिल्याच दिवशी पहाटे साडेपाचला उठला, पांघरुणाची अशी घडी घातली की माझ्या मुलीने तिचा फोटो काढला. आंघोळ, नाश्ता, बुटांना पॉलिश सगळे आटोपून साडेसातला माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, आता काय करायचं?"

घरातले सगळे हसले. मला हसू आले नाही. 35 वर्षांपेक्षा जास्त काळ बिगुलावर उठणे, बिगुलावर जेवणे आणि बिगुलावर झोपणे झाल्यावर निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मी बेळगावच्या घरात हाच प्रश्न बायकोला विचारला होता. तिने मला गवार मोडायला बसवले होते.

सैनिकी शाळेचे शिक्षण मी जन्मभर वापरले आहे, त्यामुळे तिच्याबद्दल तक्रार करायला बसलेलो नाही. पण तिच्या वेळापत्रकात एक गोष्ट नाही. कुणी हाक मारत नाही, कुणी शिट्टी फुंकत नाही, असा एक तास हातात आला तर त्याचे काय करायचे, हे तिथे शिकवत नाहीत. आणि गंमत अशी की फौजेतल्या नोकरीत असे तास ढिगाने मिळतात. सिनेमात चढाई दाखवतात, चढाईच्या आधीचे चाळीस दिवस दाखवत नाहीत. बर्फाने रस्ता बंद होतो, गाडी येत नाही, पत्र येत नाही. चौकीवर दहा माणसे आणि एक रॉकेलची शेगडी. अशा वेळी कोण टिकतो, हे मी जवळून पाहिले आहे. आमच्यात सातारकडचा एक हवालदार होता, तो लोकरीचे मफलर विणायचा. सुरुवातीला आम्ही त्याची टिंगल केली, फेब्रुवारीत प्रत्येकाच्या गळ्यात त्याचा मफलर होता. एक जण पक्ष्यांची नावे वहीत लिहून ठेवायचा. ही माणसे कधी चिडलेली पाहिली नाहीत. मी पत्ते खेळायचो आणि हरलो की भांडायचो. एकदा तर तीन दिवस माझ्या शेजारच्या माणसाशी बोललो नाही, आणि चौकीवर ती चैन परवडत नाही.

पुस्तक का नाही वाचले, असे कुणी विचारेल. त्याचे कारण लाजिरवाणे आहे. मी ज्या शाळेत शिकलो, तिथे उशिरा आलेल्या मुलांना मैदानाच्या फेऱ्या आणि फार उशिरा आलेल्यांना वाचनालयात बसून दहा पाने उतरवून काढण्याची शिक्षा असे. मी फार उशिरा येणाऱ्यांपैकी होतो. पुस्तकाचा वास आला की मला आजही क्षणभर हाताचे अंगठे दुखल्यासारखे वाटतात. कुठल्याही मुलाला पुस्तकापासून तोडायचे असेल तर याहून खात्रीचा उपाय मला ठाऊक नाही.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी पत्नी गेली आणि मी मुलीकडे राहायला आलो. वय 58. गांधी बाजारात सकाळी फुले आणि भाजी आणायची, की दिवस संपला. उरलेला वेळ मी घरभर येरझारा घालायचो, भांड्यांची जागा बदलायचो, जावयांच्या मोटारीच्या टायरमधली हवा तपासायचो. मुलीने सहा महिने सोसले. मग एक दिवस सहा वर्षांच्या नातवाचा हात माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाबा, याला तेवढं वाडिया रस्त्यावरच्या लायब्ररीत नेऊन आणा. आणि घाई करू नका."

ही लायब्ररी म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर. 1945 साली ती सुरू करणारे बी. पी. वाडिया हे मुंबईत जन्मलेले पारशी. त्याआधी 1918 मध्ये त्यांनी मद्रासला गिरणी कामगारांची संघटना उभी केली होती. कामगारांच्या लढ्यातला माणूस पुढे वाचनालय काढतो, हे मला आधी विचित्र वाटले होते, आता वाटत नाही. तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे. नातू चित्रे बघत बसे आणि मी त्याच्या शेजारी गुडघे दुमडून. घड्याळ बघायचो. तिसऱ्या की चौथ्या खेपेला कंटाळून मी मोठ्यांच्या कपाटातून एक पुस्तक ओढले, केवळ त्याच्या पाठीवर वाघ होता म्हणून. केनेथ अँडरसन. बंगळूरमध्येच राहणारा शिकारी, 1974 साली वारला. पहिल्या गोष्टीतले जवळगिरी हे गाव होसूरच्या बाजूचे, म्हणजे आमच्या घरापासून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढ्या अंतरावर. एकटा माणूस रात्रभर अंधारात बसून राहतो, हलत नाही, फक्त कान देऊन ऐकतो. मला ते काम माहीत होते! मी ते वर्षानुवर्षे केले होते. कुणीतरी ते लिहून ठेवले आहे, याची मला 58 वर्षांत कल्पना नव्हती. इंग्रजी अडखळत होते, पण एका आठवड्यात पुस्तक संपले. शिक्षा नसताना संपवलेले ते माझे पहिले पुस्तक. त्यानंतर कॉर्बेट. मग हळूहळू मराठी, बेळगावहून मागवलेले.

म्हणून मला वाटते की वाचनाची गोडी "चांगल्या" पुस्तकाने लागत नाही, आपल्या पुस्तकाने लागते. पालकांनी भेटीच्या दिवशी चकली आणि लाडवांबरोबर एखादे पुस्तक जरूर आणावे, पण ते मुलाला विचारून. त्याला क्रिकेटपटूचे चरित्र हवे असेल तर तेच. भुताच्या गोष्टी हव्या असतील तर भुताच्या. थोरांची चरित्रे त्याच्या वाढदिवसाला आपण आपल्यासाठी विकत घेतो, हे एकदा कबूल करू या.

शिक्षकांना माझी विनंती वेगळी आहे. 15 ऑगस्टची परेड किंवा वार्षिक दिन जवळ आला की पहिला बळी वाचनालयाच्या तासाचा जातो. संचलनाला सराव लागतो, हे मी नाकारत नाही. पण आठवड्यातला तो एकच तास असा आहे की ज्यात कॅडेटला कुणाच्याही पावलाशी पाऊल जुळवावे लागत नाही. तो तास घ्यायचाच असेल तर त्याच आठवड्यात परत द्यावा. आणि त्या तासाला वाचलेल्या पुस्तकाचा सारांश लिहायला लावू नये, गुण तर मुळीच देऊ नयेत. ज्याला वाचायचे नाही त्याने बुद्धिबळ खेळावे, नकाशा काढावा, खिडकीतून झाडावरची घार बघावी. अट एकच, आवाज करायचा नाही.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसणारा मुलगा "मिसळत नाही", आणि फौज ही मिसळणाऱ्यांची जागा आहे. खरे आहे. काही मुले पुस्तकाआड लपतात, त्यांना मैदानावर ओढलेच पाहिजे. पण ज्याला एकटे बसताच येत नाही तोही लपतच असतो, घोळक्यात. त्याला आपण ओढून कुठे नेतो?

शिपाई आणि पुस्तक यांचे वैर असते, ही समजूत तर आपल्या इतिहासाला धरून नाही. याच बंगळुरात शहाजीराजांची जहागीर होती. त्यांच्या दरबारात कवींचा राबता होता. जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' त्याच दरबारात रचला आणि पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो छापून आपल्यापर्यंत पोचवला. आयुष्य घोड्यावर गेलेला माणूस संध्याकाळी अनेक भाषांतली कविता ऐकत बसे. अगदी अलीकडचे सांगायचे तर दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून, अमेरिकेने आपल्या सैनिकांसाठी गणवेशाच्या खिशात मावतील अशी पुस्तके छापली. 1947 पर्यंत त्यांच्या बारा कोटींहून अधिक प्रती निघाल्या. युद्धाच्या धामधुमीत, कागदाची टंचाई असताना, काडतुसांबरोबर पुस्तके पाठवणारे लोक भाबडे नव्हते. वाट बघणारा शिपाई कशाने खचतो, हे त्यांना ठाऊक होते.

नातवाचे सांगायचे राहिले. त्या सकाळी मी त्याला बुगल रॉकवर घेऊन गेलो. नंदीच्या देवळाशेजारचा हा जुना खडक, कन्नडमध्ये कहळे बंडे. पूर्वी इथल्या बुरुजावरचा पहारेकरी संध्याकाळी शिंग फुंकत असे, असे सांगतात. आता झाडांवर वटवाघळे लटकलेली असतात. आम्ही अर्धा तास काही न बोलता बसलो. पहिली दहा मिनिटे तो पाय हलवत होता. मग त्याने वटवाघळे मोजायला सुरुवात केली, मध्येच चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजली. परत येताना लायब्ररीत गेलो. त्याने स्वतः कपाटातून पुस्तक काढले. मी पाहिले नाही कुठले.

सुट्टी संपून तो गेल्यावर कळले की पुस्तक त्याच्या ट्रंकेतून शाळेत गेले आहे. माझ्या कार्डावरचे पुस्तक, परत करायची तारीख उलटून गेलेली. मी फोनवर रागावलो नाही. "कुठपर्यंत आलास?" एवढेच विचारले. तो म्हणाला, "आजोबा, अजून चाळीस पानं आहेत, पण दिवे जातात ना."

दंड मी भरणार आहे. हाऊसमास्तर हे वाचत असतील तर त्यांनी कृपा करून ट्रंक तपासू नये.