रजेचे दिवस आणि हिमालयाची उंची

जून ते सप्टेंबर या महिन्यांत लेहच्या बाजारात फेरफटका मारणाऱ्याच्या कानी मराठी हमखास पडते. विमानाची सोय झाली, यात्रा कंपन्या वाढल्या. केंद्र सरकारी नोकरांना तर रजा-प्रवास सवलतीत लडाखपर्यंत विमानाने जाण्याची मुभाही गेली काही वर्षे मिळत आली आहे. एके काळी गिर्यारोहकांपुरता असलेला हा मुलूख त्यामुळे शिक्षक, कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्या आवाक्यात आला, ही गोष्ट चांगलीच झाली. यांपैकी अनेकांचे आता मोटारीतून सरोवरे पाहून समाधान होत नाही. ते सिंधू ओलांडून हेमिस राष्ट्रीय उद्यानात पायी शिरतात आणि ओढ्याकाठी तंबू ठोकून राहतात.

१९८१ मध्ये स्थापन झालेले हे उद्यान आज सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर पसरले आहे. भारतातील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान ते हेच. उद्यान म्हटले की दाट झाडी आणि श्वापदांचे भय डोळ्यांसमोर येते. येथे नदीकाठचे विलो आणि पॉपलर सोडले तर झाड औषधालाही सापडणे कठीण. येथला प्रसिद्ध हिमबिबट्या माणसाच्या वाटेला जात नाही आणि बहुतेकांना तो दिसतही नाही. येथे भय आहे ते हवेचे.

उंचीवर हवेतला प्राणवायू कमी होतो असे सरसकट म्हटले जाते. खरे पाहता त्याचा वाटा तेथेही २१ टक्केच असतो. घटतो तो हवेचा दाब. सुमारे ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये हा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो आणि ५,५०० मीटरच्या आसपास तो निम्म्यावर येतो. शरीर या विरळ हवेशी जुळवून घेते, पण त्यासाठी त्याला काही दिवस लागतात. आदल्या रात्री मुंबईत जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी लेहला उतरतो, तेव्हा हे दिवस त्याला मिळालेलेच नसतात. मग डोके दुखू लागते, अन्नावरची वासना उडते, मळमळते, झोप लागत नाही. येथेच थांबून विश्रांती घेतली तर बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते. तसेच पुढे वर चढत राहिले तर फुप्फुसांत पाणी साचण्याची किंवा मेंदूला सूज येण्याची पाळी येऊ शकते. बसल्या जागी धाप लागणे, खोकला थांबेनासा होणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही त्याची लक्षणे. ती दिसताच मध्यरात्र असली तरी रुग्णाला खाली आणणे हाच खरा उपाय आहे. प्राणवायूचे नळकांडे आणि औषधे त्याला साहाय्य करतात, त्याची जागा घेत नाहीत.

या आजाराच्या शास्त्रीय अभ्यासात भारताचा वाटा मोठा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. सखल प्रदेशातून ११ ते १८ हजार फुटांवर तातडीने नेण्यात आलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि आजही आधाराला घेतला जातो. हे जवान म्हातारे किंवा दुबळे नव्हते. लष्कराने पारखून घेतलेले ते तरुण होते आणि तरीही आजारी पडले.

सह्याद्रीत वाढलेल्या गिरिप्रेमींना नेमके हेच पटत नाही. दर रविवारी एखादा गड चढणाऱ्याला आपल्या पायांचा भरवसा वाटतो आणि तो अनाठायी नसतो. परंतु महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे, म्हणजे लेहच्या निम्म्याहूनही कमी उंचीचे. सह्याद्री मांड्यांना बळ देतो, पाय कोठे रोवावा हे शिकवतो. विरळ हवेची सवय तो लावू शकत नाही. उलट धडधाकट माणूस भरभर चढतो आणि म्हणूनच अधिक धोक्यात येतो. शिवाय ‘गड सर करणे’ ही भाषा सोबत येते. दहा जणांच्या तुकडीत एकाचे डोके दुखत असेल तर तो सांगत नाही, कारण त्याच्यापायी नऊ जणांचा बेत मोडणार असतो. हे मौन कोणत्याही कड्याहून घातक आहे.

प्रश्न अखेर दिवसांचा आहे. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा जाणकारांचा सर्वमान्य दंडक आहे. यात मुक्काम हा शब्द महत्त्वाचा; दिवसा वर चढून रात्री खाली झोपायला उतरणे हे चांगलेच. मरखा खोऱ्यातून जाणाऱ्यांना हांकर गावापर्यंत हा दंडक सहज पाळता येतो. तेथून निमालिंगचे कुरण मात्र सुमारे ८०० मीटर वर आहे आणि पुढे ५,२०० मीटरवरची कोंगमारू खिंड. मध्ये एक मुक्काम वाढवणे शहाणपणाचे, परंतु छापील कार्यक्रमांत बऱ्याचदा नेमका तोच वगळलेला असतो.

तो का वगळला जातो याचे उत्तर कचेरीच्या हजेरीपटात सापडेल. रजा आठ दिवसांची. तीत लेह, खारदुंग ला, पँगाँग आणि वर मरखा खोरे बसवायचे. खर्च केला आहे तर सारे पाहून घ्यावे, हा मध्यमवर्गीय हिशेब समजण्यासारखा आहे आणि त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. पण या हिशेबात पहिली काट विश्रांतीच्या दिवसांवर पडते. लेहला उतरल्यावर निदान दोन दिवस स्वस्थ राहावे, हा सल्ला मग ‘दोन दिवस वाया गेले’ असा ऐकू येतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेले डायमॉक्स शरीराला जुळवून घेण्यास मदत करते, पण ते दिवसांची भरपाई करीत नाही. आठच दिवस असतील तर खिंडीचा नाद सोडून रुंबकसारख्या गावात गावकऱ्यांच्या घरी राहावे, आसपासच्या नाळी धुंडाळाव्यात. त्यात कमीपणा कसला?

तंबूचेही काही नियम आहेत. कोरड्या नाल्याचे सपाट पात्र राहुटीला मोठे सोयीचे दिसते. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेह परिसरात पावसाने जे लोंढे आणले, त्यांत दोनशेहून अधिक माणसे दगावली. पावसाला पारख्या मुलखात असे होणार नाही, ही समजूत तेव्हाच खोटी ठरली. बर्फ वितळल्याने मरखा नदी दुपारनंतर फुगते, म्हणून ती सकाळी ओलांडावी. थंडी वाजते म्हणून बंद तंबूत स्टोव्ह पेटवणे म्हणजे विषारी वायूला घरात घेणे. पाणी तेथे शंभर अंशांच्या बरेच आधी उकळते, त्यामुळे कुकरवाचून डाळ शिजत नाही आणि इंधन अंदाजाहून अधिक लागते. ते आपले आपण न्यावे. कुरणावरचे वाळके शेण ही गावकऱ्यांची हिवाळ्याची बेगमी आहे.

यात्रा कंपन्या आणि गिरिभ्रमण मंडळे यांना एक गोष्ट आजही करता येईल. कार्यक्रमपत्रिकेत न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत सारे छापलेले असते. त्यातच प्रत्येक मुक्कामापुढे त्याची मीटरमधली उंची छापावी. पैसे भरण्यापूर्वी शेजारशेजारच्या दोन आकड्यांची वजाबाकी ग्राहक स्वतः करू शकेल. ज्या पत्रिकेत हे आकडे नसतील, तिच्या चालकाला ते विचारावेत आणि उत्तर मिळेपर्यंत पैसे भरू नयेत.