परत पाठवलेलं पान

यंदा कव्हरच्या आतल्या बाजूची रंगीत जाहिरात आम्ही परत पाठवली. पैसे आगाऊ आले होते, आणि दिवाळी अंकाच्या व्यवहारात आगाऊ पैसे म्हणजे काय, हे कागदवाल्याचं बिल ज्याच्या टेबलावर पडलेलं असतं त्यालाच कळतं. मजकूर असा: कॅन्सरवर ऑपरेशनशिवाय, केमोशिवाय हमखास उपाय. बाजूला धन्वंतरीचं चित्र, खाली दोन मोबाइल नंबर. ऐन धनत्रयोदशीच्या तोंडावर धन्वंतरीला परत पाठवायचं म्हणजे थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

१९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याला ५४ रोगांची यादी जोडलेली आहे. त्या रोगांवर इलाजाचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही, आणि हा कायदा औषध विकणाऱ्याइतकाच छापणाऱ्यालाही बांधतो. कॅन्सर त्या यादीत आहे, मधुमेहही आहे. पण कायद्याला भिऊन आम्ही ती परत केली, असं म्हटलं तर जुने अंक चाळणारे वाचक हसतील. मधुमेह मुळापासून घालवणाऱ्या पुड्या आमच्याच पानांवर येऊन गेल्या आहेत. यंदा पान परत गेलं ते बाईंमुळे.

बाई म्हणजे आमच्या मुद्रितशोधक. एकोणीस दिवाळी अंक त्यांच्या लाल पेनाखालून गेले. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत लेखक कितीही मोठा असो, त्या गय करत नसत. दोन वर्षांपूर्वी अंक हातावेगळा करून त्या छातीतली गाठ दाखवायला गेल्या. बायॉप्सी झाली. डॉक्टरांनी रिपोर्टवरची नजर न उचलता आधी ऑपरेशन, मग केमो, मग रेडिएशन असा क्रम सांगितला, आणि डिपॉझिटचं काउंटरवर विचारा म्हणाले. “चार मिनिटं,” बाई आम्हाला म्हणाल्या. “समासात दुरुस्त्या लिहून गठ्ठा परत दिल्यासारखं.”

त्याच आठवड्यात एका नातेवाइकाने त्यांना घाटाखालच्या एका औषधवाल्याकडे नेलं. तो तासभर बोलला. झोप लागते का, जेवण जातं का, मुलगी सासरी बरी आहे ना, सगळं विचारलं. फी घेतली नाही. पंधरा दिवसांच्या पुड्यांचे साडेतीन हजार तेवढे घेतले. ‘सुई लावली तिथूनच पसरायला लागलं, आता कापू देऊ नका,’ असं त्याने सांगितलं. दुसऱ्यांच्या वाक्यांवर प्रश्नचिन्हं टाकण्यात हयात गेलेल्या बाईंनी हे वाक्य तसंच जाऊ दिलं.

आठ महिने गेले. पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्यांना खरोखरच बरं वाटत होतं. गाठ आधीही दुखत नव्हती, पण आता दुखत नाही याचं श्रेय पुड्यांना मिळालं. आणि आम्ही? ज्याचा त्याचा प्रश्न, म्हणून गप्प बसलो. ऑफिसातल्या एकाने तर त्या औषधवाल्याचा पत्ता मागून घेतला.

त्यांना भानावर आणलं ते एका म्हाताऱ्या वैद्यांनी. ते भडकलेच. सुश्रुतसंहिता काढून त्यांनी बाईंपुढे ठेवली. अर्बुदाला, म्हणजे गाठीला, शस्त्र लावावं, ते पूर्ण काढावं, अंश उरला तर ते लवकरच पुन्हा वाढतं, असं त्या ग्रंथात आहे. “आधी ऑपरेशन करून या,” वैद्य म्हणाले. “मग तोंड आलं, अन्नावरची वासना गेली, तर डॉक्टरांना विचारून माझ्याकडे या.” तोवर आजार यकृतापर्यंत पोचला होता.

उशिराची किंमत मोजली गेलेली आहे. येलच्या संशोधकांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार दूरवर न पसरलेल्या, पण फक्त पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांची तुलना त्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्या ५६० जणांशी केली. मृत्यूचा धोका अडीचपट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहूनही अधिक. आणि हे पर्यायी वाटेने गेलेले लोक तुलनेने जास्त शिकलेले, जास्त कमावणारे होते. बाईही एम.ए. होत्या.

त्यांच्या गॅलरीत सदाफुलीच्या कुंड्या होत्या. ऑफिसच्या खिडकीतली कुंडीही त्यांचीच. पुढे त्यांना जी औषधं दिली त्यांत विनोरेलबिन होतं, आणि ते सदाफुलीतल्या द्रव्यांपासून बनतं हे कळल्यावर त्या खूप हसल्या. सदाफुलीच्या पानांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५२ मध्ये जमैकाहून एका डॉक्टरने कॅनडाला सदाफुलीची पंचवीस पानं पाकिटातून पाठवली. जमैकात लोक मधुमेहावर तिचा काढा पीत. कॅनडातले संशोधक रॉबर्ट नोबल यांनी तो प्राण्यांवर तपासला. साखरेवर काही फरक दिसेना. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर घटल्या. मधुमेहाचं औषध नाही म्हणून पानं फेकून न देता त्यांनी हा धागा धरला, आणि चार्ल्स बिअर यांच्यासह १९५८ मध्ये विनब्लास्टिन वेगळं काढलं. सदाफुलीतूनच मिळालेलं विनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आजही देतात. पण म्हणून सदाफुलीची पानं चावून कॅन्सर बरा होत नाही, हेही त्यात आलं. एवढ्या तपासणीला आमच्या जाहिरातदाराच्या पुड्या तयार असतील, तर पुढच्या वर्षी आम्ही लेखच छापू.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या बरं होण्याचं श्रेय हळद, कडुलिंब, लिंबूपाण्याला दिलं, तेव्हा टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांना पत्रक काढावं लागलं. सिद्धूंच्या पत्नीचं ऑपरेशन आणि केमोही झाली होती. सिद्धूंचा व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला, पत्रक एकदाही नाही.

डॉक्टरांनाही एक सांगायचं आहे. बाहेर रांग किती असते ते आम्ही पाहिलं आहे. तरी रिपोर्ट हातात देताना रुग्णाशेजारी दहा मिनिटं बसा. तुम्ही सोडलेल्या त्या दहा मिनिटांत औषधवाला आपलं दुकान मांडतो.

बाई ज्येष्ठात गेल्या. शेवटच्या भेटीत त्यांनी मागच्या अंकातली अनुक्रमणिकेतली चूक दाखवली होती.

या अंकाची प्रुफं आम्ही तिघांनी आळीपाळीने वाचली आहेत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका नेहमीपेक्षा जास्त सापडतील. पानाचा आकडा घालून पत्राने कळवा.