सहीसाठी अडलेले विद्यापीठ

कुआन चुंग-मिंग हे मूळचे अर्थमितीतज्ज्ञ. तैवानमध्ये कुओमिंतांग पक्षाच्या राजवटीत ते मंत्री झाले आणि 2014 मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेचे पहिले प्रमुखही. तैपेईतील नॅशनल तैवान युनिव्हर्सिटीच्या 21 सदस्यांच्या निवड समितीने 5 जानेवारी 2018 रोजी त्यांना अध्यक्ष म्हणून निवडले. महिनाभरात सूत्रे हाती यायची, ती आली 8 जानेवारी 2019 रोजी. दरम्यान सत्तेवर असलेल्या डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या सरकारने शिक्षण मंत्रालयाची सही न देता त्यांची नेमणूक रोखली आणि या एका सहीपायी तीन शिक्षणमंत्र्यांनी पद सोडले. शेवटचे ये चुन-रुंग यांनी 24 डिसेंबरला ‘नाइलाजाने’ मंजुरी दिली आणि स्वपक्षीयांचा रोष ओढवून लगेच राजीनामा दिला.

सरकारचा आक्षेप पोकळ नव्हता. कुआन ज्या दूरसंचार कंपनीचे स्वतंत्र संचालक होते, तिचे उपाध्यक्षच निवड समितीत बसले होते. ही गोष्ट दोघांनीही आधी उघड करायला हवी होती. ती न सांगणे हा दोषच. मंत्रिपदावर असताना एका साप्ताहिकासाठी निनावी लेखन केल्याबद्दल सरकारी कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या नियंत्रण युआननेही पुढे कुआन यांच्यावर ठपका ठेवला. पण निवडीत खोट असेल तर ती तपासायची कोणी? मार्च 2018 मध्ये विद्यापीठाच्या सभेपुढे त्यांच्याविरुद्धचे ठराव आले आणि सभेने ते बाजूला ठेवले. त्यानंतर मंत्रालयाने न्यायालयाचा रस्ता धरायचा होता. त्याने फाईल अडवून धरली. कुओमिंतांगच्या लष्करी कायद्याच्या काळात विद्यापीठप्रमुख सरकार नेमत असे. 1970 च्या दशकात याच विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातील प्राध्यापकांना राजकीय कारणांनी घालवण्यात आले. त्या दडपशाहीशी झुंजत उभ्या राहिलेल्या पक्षाने तोच जुना दांडा हाती घ्यावा, हे खेदाचे आहे.

राजकारणी माणूस विद्यापीठ पक्षाच्या दावणीला बांधील, ही भीती मात्र रास्त होती. 2022 मध्ये सत्ताधारी पक्षाचे ताओयुआनच्या महापौरपदाचे उमेदवार लिन चिह-चिएन यांची पदव्युत्तर पदवी विद्यापीठाने वाङ्मयचौर्याच्या कारणावरून रद्द केली, तेव्हा हा सूड असल्याचा आरोप झालाच. परंतु त्यांची दुसरी पदवी चुंग हुआ विद्यापीठानेही त्याच महिन्यात काढून घेतली आणि तिथे कुआन यांचा काही संबंध नव्हता. सूडाचा आरोप या पुराव्यापुढे टिकत नाही.

जानेवारी 2023 मध्ये कुआन पायउतार झाले. दुसऱ्या मुदतीसाठी ते उभे राहिले नाहीत. नेमणुकीची सही मात्र आजही शिक्षण मंत्रालयाकडेच आहे. ती किती दिवसांत करायची आणि नाकारल्यास कारणे कोणापुढे सिद्ध करायची, हे तैवानच्या संसदेने कायद्यातच स्पष्ट लिहावे.