मायक्रोफोनशिवायचा आवाज

नरिमन पॉइंटच्या टोकाला, समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर ‘एनसीपीए’ (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) उभं आहे. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनी १९६९ साली ही संस्था स्थापन केली. १९८० साली टाटा थिएटर खुलं झालं: आराखडा फिलिप जॉन्सन यांचा, ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. सुमारे हजार आसनं, तरी गायकाला मायक्रोफोनची गरज पडू नये हा त्यामागचा ध्यास. कर्कश ध्वनिवर्धकांना सरावलेल्या आपल्या कानांना तिथला निखळ षड्ज आधी परका वाटतो, मग घरी येऊनही सोडत नाही.

या वास्तूला श्रीमंतांचं बेट म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती अन्यायाची वाटते. पु. ल. देशपांडे, अशोक रानडे, विजया मेहता यांनी इथेच वर्षानुवर्षं काम केलं; ‘प्रतिबिंब’ हा मराठी नाट्योत्सवही इथलाच. खरी अडचण अंतराची आहे. डोंबिवली-विरारचा रसिक शेवटच्या अंकात रंगण्याऐवजी घड्याळाकडे पाहत बसतो. त्याच्यासाठी प्रयोग तासभर आधी सुरू व्हावेत, ही माझी मनापासूनची मागणी आहे.