बंगालच्या उपसागरातील वादळे आणि आपल्या धानाच्या कडपा

चक्रीवादळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र, नारळाची झाडे आणि कोळ्यांच्या होड्या येतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेतकऱ्याला हा आपला विषय वाटत नाही. गावात बैठकीत हा विषय काढला की उत्तर ठरलेले असते, "का जी साहेब, समुद्र कुठं नि आपण कुठं!" पण नकाशा उघडून पाहा. सिरोंच्यापासून मुंबईचा समुद्र सातशे किलोमीटरहून दूर आहे. आंध्रातील काकीनाड्याचा किनारा मात्र सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे आपला जवळचा समुद्र बंगालचा उपसागर होय, आणि त्या समुद्रात काय चालले आहे याची खबर आपल्याला असायलाच पाहिजे.

पावसाळ्यात याच उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि ओडिशा, छत्तीसगडमार्गे आपल्याकडे सरकतात. झड लागते, पर्लकोटेला पूर येतो, भामरागडचा संपर्क तुटतो. ऑगस्ट २०२० मधील वैनगंगेचा आणि जुलै २०२२ मधील गोदावरी-प्राणहितेचा पूर लोक विसरलेले नाहीत. पुराबद्दल बोलणे होते, नियोजनही थोडेफार होते. ज्याबद्दल बोलणे होत नाही, ते पावसाळा संपल्यानंतरचे संकट आहे.

उपसागरात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात. एक एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. दुसरा हंगाम मोठा आणि त्यातही नोव्हेंबर महिना जोराचा. आता आपल्या धानाचे वेळापत्रक याच्या शेजारी ठेवून पाहा. हलके धान ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापणीला येते, मध्यम धान दिवाळीच्या आसपास, जड धान नोव्हेंबरभर. म्हणजे समुद्रात वादळे उठण्याचा आणि आपल्या बांधीत कडपा पडण्याचा काळ एकच. चार महिने रोवणी, निंदण, खत, कीड यांत घातलेली मेहनत त्या आठ-दहा दिवसांत उघड्यावर पडलेली असते.

वारा मरतो, पाऊस मरत नाही

वादळ जमिनीवर आले की त्याला समुद्राची वाफ मिळेनाशी होते आणि वाऱ्याचा जोर ओसरतो. त्यामुळे आपल्याकडे छपरे उडत नाहीत आणि वर्तमानपत्रात मोठा मथळाही येत नाही. पण ढगांत भरलेले पाणी तसेच असते आणि ते शेकडो किलोमीटर आत येऊन पडते.

उदाहरणे फार जुनी नाहीत. २६ सप्टेंबर २०२१ रोजी 'गुलाब' हे वादळ आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. त्याचा उरलेला भाग तेलंगण, विदर्भ, मराठवाडा असा देश आडवा ओलांडून थेट अरबी समुद्रात उतरला आणि तिथे 'शाहीन' नावाने पुन्हा उठला. वाटेत मराठवाड्यात पूर आले आणि यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्यात एस.टी. बस नाल्याच्या पुरात वाहून गेली. ५ डिसेंबर २०२३ ला 'मिचाँग' आंध्रच्या बापटलाजवळ धडकले आणि पूर्व विदर्भात धान मळणीच्या दिवसांत पाऊस झाला. २०२५ साली तर हंगाम फारच जागा होता. 'मोंथा', 'सेन्यार' आणि 'दितवा' ही तीन वादळे एका महिन्याच्या आसपास उठली. दितवाने श्रीलंकेत हाहाकार केला, सेन्यार सुमात्राकडे गेले. मोंथा मात्र २८ ऑक्टोबरच्या रात्री आंध्रच्या किनाऱ्यावर आले आणि पुढचे दोन-तीन दिवस त्याचा पाऊस आपल्या शिवारात होता. कापलेले धान बांधीतच भिजले.

भिजलेल्या धानाचे पुढे काय होते हे शेतकऱ्याला सांगायला नको. दाणा काळा पडतो, लोंबीतच कोंब फुटतात, तणीस कुजते. आधारभूत खरेदी केंद्रावर ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला की माल परत. मग व्यापारी मागेल त्या भावाने द्यायचा. उत्पन्न कागदावर पूर्ण असते, हातात मात्र अर्धेही पडत नाही.

चौथी सूचना आपली आहे

हवामान खाते चक्रीवादळाच्या सूचना चार टप्प्यांत देते. पहिली साधारण ७२ तास आधी, दुसरी ४८ तास आधी, तिसरी २४ तास आधी. या तीन प्रामुख्याने किनाऱ्यासाठी. चौथी सूचना वादळ किनाऱ्यावर येण्याच्या किमान १२ तास आधी निघते. जमिनीवर आल्यावर वादळ कोणत्या दिशेने जाईल आणि आतल्या भागात कुठे पाऊस पडेल, हे तिच्यात असते. ही चौथी सूचना म्हणजे आपली सूचना! वादळाला किनाऱ्यापासून आपल्यापर्यंत यायला आणखी वेळ लागतो. सगळे धरून दीड-दोन दिवस हाती मिळू शकतात. त्याच्या आधीच्या सूचनांवरही लक्ष ठेवले तर चार दिवस. शिवाय नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा रोज निघतो आणि मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्लाही येतो.

किनाऱ्यावरच्या लोकांनी या तासांचा उपयोग करायला शिकून घेतले. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याच ओडिशात ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' आले, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. खबर शेवटच्या घरापर्यंत पोचली आणि कोणी काय करायचे ते आधी ठरलेले होते, म्हणून हे झाले. आपल्याला माणसे हलवायची नाहीत, कडपा हलवायच्या आहेत. काम सोपे आहे, पण ठरलेले नाही.

शेतकऱ्याने काय करावे

पहिली गोष्ट, सगळी जमीन एकाच वाणाखाली ठेवू नये. हलके, मध्यम, जड असे वाटून घेतले तर सगळे धान एका पावसात सापडत नाही. सिंदेवाहीचे संशोधन केंद्र आणि सोनापूरचे कृषी विज्ञान केंद्र यांना आपल्या जमिनीला कोणता वाण बसतो ते विचारावे.

दुसरी गोष्ट, मजूर मिळाले म्हणून सगळे एकदम कापू नये. तीन-चार दिवसांत सुकवून, बांधून उचलता येईल तेवढेच कापावे. इशारा असेल तर कापणी थांबवावी. उभ्या धानाचे पाणी निथळते, जमिनीवर पडलेल्या कडपेचे निथळत नाही. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी बांधीतले पाणी काढून धुरे फोडून ठेवावेत, म्हणजे आलेले पाणी साचणार नाही.

तिसरी गोष्ट, कापलेले असेल तर उंच जागेवर पुंजणे रचावे, लोंब्या आत आणि बुडखे बाहेर, वरून ताडपत्री. तरीही भिजलेच तर आंध्रकडचे शेतकरी एक उपाय करतात. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून ते लोंब्यांवर फवारतात, त्यामुळे कोंब फुटणे थांबते. बियाण्याचे धान मात्र आधीच वेगळे काढून सुकवून घ्यावे.

गावाने आणि शासनाने

तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. पदनामे बदलली, कामही थोडे बदलू द्या. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत उपसागरात वादळ उठले की त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ते लिहिले गेले पाहिजे आणि कोतवालाची दवंडी फिरली पाहिजे. एटापल्ली, भामरागडच्या ज्या टोल्यांत मोबाईलला रेंज नाही, तिथे मोबाईलवरचा संदेश पोचला असे धरून चालणे म्हणजे स्वतःची फसवणूक. तिथे माणूसच जायला पाहिजे. तो कोण, हे दसऱ्याआधी ग्रामसभेत ठरवावे.

लहान शेतकऱ्याला मोठी ताडपत्री परवडत नाही. पण आपल्या भागात अनेक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. मेंढा-लेखाने २००९ साली ते मिळवून वाट दाखवली. बांबू आणि तेंदूपानाचे पैसे ज्या ग्रामसभांकडे येतात, त्यांनी त्यातून गावासाठी पंधरा-वीस ताडपत्र्या आणि एक पक्के खळे करावे. समाजमंदिर आणि शाळेचा व्हरांडा त्या दोन दिवसांसाठी धानाला मोकळा करावा.

आता थोडे विम्याविषयी. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या केंद्राच्या नियमांत, कापून शेतात सुकत ठेवलेल्या पिकाला १४ दिवसांपर्यंत चक्रीवादळाच्या व अवकाळी पावसाच्या नुकसानीचे संरक्षण सांगितले आहे. आपल्या राज्याने खरीप २०२५ साठी ते वगळले आणि भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठेवली. खर्चाचा आणि गैरप्रकारांचा विचार शासनापुढे होता, ते मान्य. परंतु कापणी प्रयोगात उभ्या पिकाचे वजन होते. प्रयोग झाल्यावर कडपा भिजल्या तर त्या आकड्यात ते कुठे दिसणार? त्याच खरिपात मोंथा आले. धान पाण्याखाली बुडाल्यास भरपाई खरीप २०२६ पासून मिळेल, असे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले, हे चांगलेच झाले. पण कापलेल्या धानाचा प्रश्न त्याने सुटत नाही. निदान धान पिकवणाऱ्या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांसाठी तरी काढणीनंतरचे संरक्षण असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रामसभांनी तसे ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पाठवावेत.

येत्या दसऱ्याच्या आधीची ग्रामसभा यासाठी अर्धा तास काढू शकते. खबर कोण देणार, ताडपत्र्या कोणाकडे राहणार, व्हरांड्याची किल्ली कोणाकडे असणार, एवढ्या तीन गोष्टी इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्याव्यात. बाकीचे शेतकरी करतीलच.